गोठ्यात कोण होतं

माझ्या जिभेला हाड नाही, असं सासरी-माहेरी सगळेच म्हणत. म्हणोत बापडे. पण जिथं बोलायला हवं होतं तिथंच नेमकी माझी दातखीळ बसली, नगरच्या कोर्टात.

बहात्तरच्या दुष्काळाच्या थोडी आधीची गोष्ट. सोनईकडच्या आमच्या शिवारात बांधावरून मारामारी झाली आणि कुऱ्हाडीच्या घावानं एक माणूस गेला. दोघांनी सांगितलं, घाव माझ्या थोरल्या दिरांनी घातला. कसला घाव अन् कसलं काय! त्या दुपारी आमची गाय विताना अडली होती आणि ते गोठ्यात तिच्यापाशी बसून होते. जाऊबाई माहेरी, आमचे हे बाजाराला. कढत पाणी गोठ्याच्या दाराशी नेऊन ठेवणारी मी एकटी. म्हणजे साक्षही माझी एकटीचीच.

वकिलांनी विचारलं, "गोठ्यात कोण होतं?" समोर पिंजऱ्यात दीर उभे. थोरल्या दिरासमोर आम्ही मान वर करत नाही, बोलत नाही, आणि नाव तर जीव गेला तरी घेत नाही. मी पदर ओढला आणि म्हणाले, "जाऊबाईंचे मालक." लोक हसले. जज्जसाहेब म्हणाले, "नाव सांगा. बोट करून दाखवा." मी पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिले. निकालात आलं, साक्षीदार नजर चोरते, आरोपीचं नावही सांगत नाही, पढवून आणलेली आहे. मला पढवणारा अजून जन्मायचाय! पण दिरांना जन्मठेप झाली. जाऊबाई मला एका शब्दानं बोलल्या नाहीत.

अपील मुंबईला गेलं. तिथं साक्षीदाराला बोलावत नाहीत, नुसते कागद वाचतात. खालच्या साहेबांनी साक्षीदार डोळ्यांनी पाहिलेला असतो, म्हणून वरचे सहसा त्यांचंच मानतात, असं तिथल्या म्हाताऱ्या वकिलांनी आधीच सांगून टाकलं. मग त्यांनी आमच्या यांना विचारलं, "तुमच्याकडं भावजय थोरल्या दिराचं नाव घेते का हो?" हे म्हणाले, "न्हाई बा, कवाच न्हाई." वकिलांनी तेच कोर्टापुढं मांडलं. न्यायमूर्तींनी लिहिलं, ही बाई लपवत नव्हती, रीत पाळत होती. उलट घाव पाहिला म्हणणाऱ्या त्या दोघांच्याच जबान्या एकमेकींशी जुळत नाहीत. दीर सुटले. ज्यांनी माझं तोंडही पाहिलं नाही, त्यांनी माझा शब्द खरा मानला. देव त्यांचं भलं करो. सांजेला दिवा लावताना अजून त्यांची आणि त्या वकिलांची आठवण काढते.

दीर घरी आले तेव्हा दुष्काळ पडला होता, रानात काडी उरली नव्हती. त्या दुपारी जन्मलेली कालवड आम्ही उसाच्या वाढ्यांवर, शेंड्याच्या पाल्यावर, कशीबशी जगवली होती. ते आधी गोठ्यातच गेले. मी दाराआड. तिच्या पाठीवर हात ठेवून, तिच्याकडंच बघत ते म्हणाले, "सांग गं तुझ्या धाकल्या मालकिनीला. तिच्यामुळं मी आज तुला बघतोय."

मला रडू आवरेना. मग मीही कालवडीलाच सांगितलं, "म्हनावं, आत या. जाऊबाई सकाळधरनं उपाशी हायत."