नळ कोणी उघडा ठेवला

आमच्या घरात पाणी आल्याची वर्दी बादली देत असे. सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीची गच्चीवरची टाकी लहान होती. दुरुस्तीसाठी पाणी बंद असले की ती दुपारपर्यंत रिकामी होई, आणि दुसऱ्या दिवशी पाणी ‘उशिरा व कमी दाबाने’ येईल असे वर्तमानपत्रात छापलेले असे. त्यातल्या ‘उशिरा’ या शब्दावर कोणीही अनुभवी माणूस विसंबत नाही. म्हणून मी संडासातला नळ पूर्ण उघडा ठेवीत असे, त्याखाली पत्र्याची रिकामी बादली मांडीत असे आणि आपल्या कामाला लागत असे. पाणी आले की बादली अशी वाजे, की स्वयंपाकघरात फोडणीच्या आवाजातही ऐकू येई. या पद्धतीला अट एकच होती. बादली ऐकून उठणारे माणूस घरात हवे.

माझे पती खडकीच्या एका कारखान्यात यंत्रांचे आराखडे काढीत. निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांना विसर पडू लागला. आधी चष्मा, मग वार, मग ओळखीचे रस्ते. मी एकतीस वर्षे शाळेत शिकवले होते. विसरणाऱ्या मुलाला जे सांगत आले, तेच त्यांना सांगितले. लिहून ठेवा आणि रोज वाचा. चौकटीची एक वही आणून दिली आणि दोन नियम घालून दिले. वहीत त्यांच्याखेरीज कोणी लिहायचे नाही, कारण स्वतःच्या अक्षरावर माणसाचा विश्वास बसतो. आणि रोज सकाळी चहाच्या आधी पहिल्या पानापासून सगळी वही वाचायची. आराखड्यावर लिहावे तशा सरळ, सुट्या अक्षरांत ते लिहीत: ‘गॅसला हात लावायचा नाही.’ ‘मुलगा खराडीला राहतो.’ ‘दुपारची गोळी जेवणानंतर.’

त्यांनी घरी राहायचे की शहराबाहेरच्या एका शुश्रूषा केंद्रात, हा एकच प्रश्न त्या वर्षी आमच्यापुढे होता. मुलगा म्हणे, “आई, तुला आता झेपत नाही. तू कबूल कर.” मी म्हणे, “अजून तशी वेळ आलेली नाही.” वेळ आली हे कशावरून ठरवायचे, ते मात्र आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हते.

त्या शुक्रवारी मला हयातीचा दाखला देण्यासाठी बँकेत जायचे होते. सकाळी नळाला पाणी नव्हते. मी नेहमीप्रमाणे नळ उघडला, बादली ठेवली आणि पोळ्या करायला गेले. मग दहाच्या सुमारास साडी बदलली, त्यांना खिडकीपाशी बसवले आणि दाराला बाहेरून कुलूप लावले. अलीकडे ते एकटे जिना उतरून जात, म्हणून कुलूप लावावे लागे. बँकेत रांग मोठी होती. नळाची आठवण मला एकदाही झाली नाही.

परतले तेव्हा खालच्या मजल्यावरचे निवृत्त गृहस्थ जिन्यातच उभे होते.

“या, बाई. आमच्या दिवाणखान्यात छतातून पाणी येतंय, आणि ते गंगेचं नाही.”

“अगं बाई! केव्हापासून?”

“तासभर तुमच्या दाराशी ओरडतोय, नळ बंद करा म्हणून. आतून तुमचे यजमान विचारतायत, कोणता नळ? आता कुलपाबाहेरून मी काय बोट करून दाखवणार?”

आत घोट्याएवढे पाणी होते. संडासाच्या भांड्यात काहीतरी अडकले होते; बादली भरून वाहिली, भांडे तुंबले आणि ते घाण पाणी उंबरा ओलांडून बोळातून झोपण्याच्या खोलीत शिरले होते. पलंगाखालच्या त्यांच्या आराखड्यांच्या गुंडाळ्या लगदा होऊन तरंगत होत्या. ते स्वतः पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, भिजलेल्या उशा हातात घेऊन उभे होते.

“अहो, उशा कशाला भिजवल्यात? काय करून ठेवलंत हे!” मी ओरडले.

पुढे आवरताना मला दिसले, की घरातल्या बाकीच्या सगळ्या उशा आणि दोन चादरी त्यांनी माझ्या पुस्तकांच्या कपाटाच्या पायाशी ओळीने दाबून बसवल्या होत्या. माझे एकही पुस्तक भिजले नव्हते.

अशा वेळी कामाचा क्रम चुकवू नये. आधी नळ बंद करावा, मग विजेचा मुख्य खटका. पाणी खराट्याने नहाणीकडे लोटावे, साबणाने फरशी धुऊन मगच फिनेल घालावे. ज्या कापसाच्या गादीला असे पाणी लागले, ती उन्हात वाळली तरी वापरू नये. मी हे सारे क्रमाने केले. आराखडे पोत्यात भरले, तेव्हा ते दाराशी उभे राहून पाहत होते. त्यांतला एक त्यांनी हातात घेतला, उलगडू पाहिला, आणि तो बोटांतच सुटून आला.

संध्याकाळी मुलगा आला आणि त्याच्याबरोबर प्लंबर. प्लंबरने तार घालून भांड्यातून एक जुने फडके ओढून काढले.

“हे अडकलं होतं. पण ताई, नुसत्या फडक्यानं घरात पूर येत नाही. नळ कुणी उघडा टाकला होता?”

मुलाने वडिलांकडे पाहिले. मीही पाहिले.

“माझ्याकडूनच राहिला असणार,” ते म्हणाले. “मला आठवत नाही. म्हणजे मीच असणार.”

त्या क्षणी मला सकाळचा नळ आठवला. तोटी फिरवणारा माझा हात, कोरड्या बादलीचा खडखडाट, सगळे स्पष्ट आठवले. मी बोलायला हवे होते. मी बोलले नाही. लाज वाटली, हे खरे आहे. पण पुरते खरे नाही. मी थकले होते. इतके दिवस जो निर्णय मला घेववत नव्हता, तो त्या नळाने माझ्यासाठी घेतला होता, आणि मी तो घेऊ दिला.

“आई, आता तरी पटलं?” मुलाने हळू आवाजात विचारले. मी मान हलवली.

बोलणे संपल्यावर त्यांनी वही मागितली. खुर्चीत ताठ बसून त्यांनी लिहिले: ‘नळ माझ्याकडून उघडा राहिला. घर भिजले.’ आणि खाली, आराखड्यावर करीत तशी, लहान सही.

पंधरा दिवसांनी आम्ही त्यांना केंद्रात पोहोचवले. पहिल्या भेटीला मी सकाळीच गेले. चहा यायचा होता, ते वही वाचत होते. बोट ओळीखालून सरकत शेवटी आले आणि थांबले.

“अगं, माझ्यामुळे आपलं घर भिजलं?”

ती बातमी त्यांना नुकतीच कळली होती. आदल्या दिवशीही नुकतीच कळली असणार.

“नाही हो. नळ मी उघडा ठेवला होता. तुम्ही तर पाणी अडवलंत.”

“असं?” त्यांचा चेहरा निवळला. मी पिशवीतून लाल पेन काढले आणि ती ओळ खोडायला वहीवर वाकले. त्यांनी चटकन पानावर तळवा ठेवला.

“वहीत दुसऱ्यानं लिहायचं नाही.”

“मग तुम्हीच खोडा. मी सांगते तसं लिहा.”

त्यांनी तळवा उचलून ओळ पुन्हा वाचली. सही नीट न्याहाळली.

“हे तर माझंच अक्षर आहे,” ते म्हणाले आणि वही मिटून उशीखाली ठेवली.

मुलाला मी त्याच दिवशी फोनवर सगळे सांगितले. तो म्हणाला, “आई, आता तू एकटी त्यांना सांभाळू शकशील का? खरं सांग.” मला ‘हो’ म्हणता आले नाही.

मंगळवारी आणि शुक्रवारी मी पहिल्या बसने जाते. चहाच्या आधी पोहोचते आणि त्यांचे बोट त्या ओळीशी आले की नळाचे सांगते. ते प्रत्येक वेळी “असं?” म्हणतात. उरलेले पाच दिवस ती ओळ ते एकटे वाचतात.