विशालाक्षीचं टिंब

मैलापूरच्या विशालाक्षीचं निम्मं आयुष्य प्रोग्रॅम लिहिण्यात गेलं. संधिवाताने बोटं आखडायला लागली, तेव्हा तिने काय केलं, तर ते लपवलं. घरात डोशाचं पीठ विकतचं येऊ लागलं. नवरा वेंकट, बँकेतला अधिकारी, "अंगात आळस शिरला" म्हणून चिडवायचा. ती चिडवून घ्यायची. नणंद विद्यालक्ष्मीची पाठ धरली, तेव्हा घरच्यांनी इतक्या मायेने तिची नोकरी सोडवली होती, की बिचारीला नाही म्हणायला तोंडच उरलं नाही. विशालाक्षीला ती माया नको होती.

जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमच्या भाषेत यादीतल्या प्रत्येक माणसाचं नुसतं नाव हवं असलं, तरी आधी त्या माणसासाठी एक अक्षर धरायचं, पुढे बाण काढायचा, तेच अक्षर पुन्हा लिहायचं, मग टिंब, मग 'name'. बाणासाठी शिफ्ट दाबली की तिच्या करंगळीतून मस्तकात कळ जायची. दिवसभर हेच. तिने सुचवलं, नुसतं टिंब आणि 'name' पुरे करा. भाषेचे नियम ठरवणाऱ्या समितीतल्या एका सदस्याला ते पटलं, आणि त्याने तिलाच ऑनलाइन सभेत बोलायला लावलं. प्रस्तावात तिने कारण दिलं होतं, 'वाचायला सोपं'. खरं कारण लिहायला मन धजलं नाही. परक्यांपुढे दुखणं मांडणं तिला भीक मागण्यासारखं वाटे.

सभा सकाळची होती. एक गृहस्थ म्हणाले, "दोन-चार अक्षरांची बचत होते, एवढंच ना? त्यासाठी भाषा का बदलायची?"

विशालाक्षीचं डोकं फिरलं. तिने हात कॅमेऱ्यासमोर धरले आणि मूठ मिटून दाखवायला गेली. मूठ मिटेना.

"एवढीच मिटते," ती इंग्रजीत म्हणाली. "मला अजून काम करायचंय."

 मग प्रस्ताव पुढच्या सभेवर ढकलला गेला. तिने लॅपटॉप बंद केला आणि वळली, तर दारात वेंकट उभा.

"अय्यो, हे खरं? मज कां सांगितली नाहीस?"

"ते लोक मला नोकरी सोड म्हणणार नव्हते."

वेंकट आत आला. 'सोडून दे आता' हे शब्द त्याच्या ओठांवर आलेले तिला स्पष्ट दिसले. ती वाट पाहत राहिली.

"पुढची सभा केव्हा?" त्याने विचारलं.

इतक्या दिवसांत न रडलेली विशालाक्षी तेव्हा रडली.