गुरुजींच्या कोटाच्या आत

निंबर्ग्याला आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा ठरला, जुन्या काळच्या पोशाखात यायचं असं कळलं, आणि मी लगेच सांगून टाकलं, गुरुजी मी होणार. कवितांची गोडी मला त्यांनीच लावली. आजही एखादी चाल धरली की गळ्यातून त्यांचाच आवाज निघतो.

लातूरहून सकाळच्या बसने उमरगा, तिथून आळंद. स्टँडसमोर चुरमुऱ्यांचा गरम सुशीला आणि मिरचीभजी मिळतात. पोटभर खाऊन घ्या, पुढे काही नाही. मग निंबर्ग्यापर्यंत टमटम, माणशी तीस रुपये. "आजोबा, पिशवी मांडीवर घ्या की, तिथं माणूस बसतंय," ड्रायव्हर म्हणाला. रस्ता खड्ड्यांचा, पण दोन्हीकडे तूर पिवळीधमक फुललेली. मनाने मी कवितेच्या तासालाच जाऊन बसलो होतो.

गुरुजी जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या मुलीने, अक्काने, ट्रंकेतून धोतर, सदरा आणि काळा कोट काढून दिला. कोट माझ्या खांद्यांवरून ओघळायला लागला. जुना पोशाख करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं, वरचं कापड आतल्या कपड्यांच्या जिवावर उभं राहतं. लंगोट कसलेला नसेल तर धोतर ढिलं पडतं, आणि सदऱ्याखाली जाड बंडी नसेल तर कोट बसत नाही.

"अक्का, गुरुजींची बंडी आहे का?"

"कामून पाहिजे? आतलं कोण बघायलंय?"

मी हट्ट धरला. तिने ट्रंकेच्या तळातून घडी काढली, थोडा वेळ हातातच धरली. "घाला. पण लोकांत कोट काढू नका, अण्णा."

मी व्हय म्हणालो.

स्टेजवर मी गुरुजींसारखी कविता म्हटली. टाळ्या पडल्या. खालून एक वर्गमित्र ओरडला, "आत काय घालत होते गुरुजी, ते बी दाखव की." मी वाहवलो. कोट काढला, सदरा काढला, एकेका कपड्याची माहिती सांगत गेलो. बंडीवर निळी-गुलाबी फुलं होती, तुकड्याला तुकडा जोडलेला.

"गुरुजी बायकांचं झंपर घालत होते व्हय?"

सगळे हसले. मीही हसलो. पहिल्या रांगेत अक्काने पदर पुढे ओढून मान खाली घातली.

घरी तिने मला ज्वारीची भाकरी आणि शेंगांची चटणी वाढली. मी जेवत असताना म्हणाली, "माझ्या फाटक्या परकरांची हाय ती. आईनं शिवलेली. अप्पा उन्हाळ्यातबी वर्गात कोट काढत न्हवते."

चैत्राच्या उन्हात घामाने थबथबलेले गुरुजी मला आठवले. आम्ही पोरं त्याला रुबाब समजत होतो.

लातूरला आल्यावर शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे माझे बंडीतले फोटो काढून टाकायला लावले. अक्काला फोन करायला चार दिवस लागले. माफी मागितली, आणि ती बंडी नीट जपून ठेव, असंही म्हणालो.

"चुलीत घातली, अण्णा," ती म्हणाली. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका."