साहेबांचं 'लिटल डिफिकल्ट'

आमच्या जपानी साहेबांचं इंग्रजी कळायला मला वर्ष लागलं. 'कस्टमर क्लेम' आला म्हणाले की मी विचारायची, भरपाई किती मागितलीय? त्यांना म्हणायचं असायचं, गिऱ्हाइकाने तक्रार केलीय. 'मॅन्शनमध्ये राहतो' म्हणाले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर बंगला, आणि निघाला साधा फ्लॅट. पुढे तुआसच्या आमच्या कारखान्यात त्यांच्या इंग्रजीची दुभाषी मीच झाले. काय तो माझा तोरा!

त्यामुळे पास संपत आला तरी मी निर्धास्त. पास म्हणजे या परक्या देशात राहायची परवानगी, आणि ती नोकरीला बांधलेली. नोकरी गेली की मी आणि माझी लेक, दोघींनी यिशुनचं घर आवरायचं, तिने शाळा सोडायची. साहेबांना विचारलं, माझा करार वाढेल ना? त्यांनी दातांतून श्वास आत ओढला, मान तिरकी केली. "लिटल डिफिकल्ट," म्हणाले. आणि मग, "बट आय विल चॅलेंज."

मी खूश! अडचण लिटलच, आणि साहेब वरच्यांना आव्हान देणार. घरी येऊन लेकीला सांगितलं, "काळजी करू नकोस गं, साहेब भांडणार आहेत आपल्यासाठी." पुढच्या वर्षासाठी शाळेचे बूटसुद्धा आणले, जरा मोठेच.

काल साहेबांनी बोलावून सांगितलं, करार वाढणार नाही. मी उसळलेच. "तुम्ही चॅलेंज करणार होतात ना?"

ते गोंधळले. "येस. आय ट्राइड."

त्यांच्या इंग्रजीत चॅलेंज म्हणजे प्रयत्न करून बघणं, बस्स. आणि डिफिकल्ट म्हणजे चक्क नाही. तोंडावर नाही म्हणणं त्यांच्या जिवावर येतं. कप्पाळ माझं! क्लेम कळला, मॅन्शन कळलं, आणि जिथे जीव टांगलेला होता तोच शब्द नेमका कळला नाही. बरं, राग काढू कुणावर? त्या भल्या माणसाने मी विचारलं त्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

घरी आले तर लेक नवे बूट घालून हॉलमध्ये फेऱ्या मारत होती. माझा चेहरा बघून थांबली.

"आई, वी आर स्टेइंग, राइट?"

नाही म्हणायला तोंड उघडलं.

"बघू," मी म्हटलं.

"तुझं 'बघू' मीन्स नो, लाह," ती इथल्या पोरांच्या ढंगात म्हणाली, आणि खाली बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागली.