कुंभारणीचं घर

गेल्या महिन्यात अक्काच्या खिडकीच्या चौकटीवर कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं. एक हिरवी अळी आणून आत कोंडली आणि तोंड लिंपून टाकलं. अक्का, माझी थोरली बहीण, अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेली. ती दिवसभर तेच पाहत होती.

"आता ही अळी कुंभारणीचं ध्यान करील आणि कुंभारीण होऊनच बाहेर पडेल," ती जड जिभेनं म्हणाली. देवळातल्या कीर्तनात लहानपणी ऐकलेला दृष्टांत. देवाचा ध्यास घेतला की भक्तच देव होतो, तसा.

मी जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं. माशी नांगी मारून अळीला लुळी करते, पण जिवे मारत नाही, कारण आत घातलेल्या अंड्यातून निघणाऱ्या पिल्लाला अन्न ताजं लागतं. ते तिला जिवंतपणी खातं. लाखो पिढ्या नेम चुकणाऱ्यांचा वंश खुंटत गेला आणि हा नेम बसला, असं मी वर्गात सांगायचो. तो कुणी मुद्दाम बसवला असेल, तर मात्र माझ्या अंगावर काटा येतो. देव नसला तर माझं चालतं. इतकं बारीक काम करणारा देव मला सोसवत नाही.

अक्काला यातलं काही सांगितलं नाही. तिची लाळ तेवढी पुसली.

आज सकाळी त्या घराला भोक दिसलं. "झाली बघ कुंभारीण," मी म्हणालो.

अक्कानं भोकाकडे पाहिलं.

"ध्यान करायचं तर शुद्धीवर राहावं लागतं रे," ती म्हणाली. "म्हणजे आत तिला सगळं कळत होतं."