नेपाळला निघालेले ब्लाउजपीस

नेपाळात भूकंप झाला आणि आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीला मायेचा पाझर फुटला. मला अंमळ जास्तच. मदतीचं आवाहन मीच ग्रुपवर टाकलं आणि बघता बघता सोसायटीच्या ऑफिसात कपड्यांचा ढीग लागला. निम्मे तर ब्लाउजपीसच. एकीच्या ओटीत यायचे, दुसरीच्या ओटीत जायचे, शिवले मात्र कधी कुणीच नाहीत. हळदीचा डाग पडलेला एक जांभळा माझाही होता. आता म्हणे ते हिमालयातल्या थंडीत ऊब देणार!

ढिगाची राखण अर्थातच वॉचमनकडे. तो नेपाळचाच. गावाकडे त्याचं घर पडलेलं, बायकोपोरं उघड्यावर, म्हणून तो रजा मागायला आला. सेक्रेटरी कळवळून म्हणाले, "अरे, तुम्हारे ही लोगों का सामान है. तुम गया तो देखेगा कौन?" आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

शेवटी टेम्पो आला. सगळी पोती वॉचमननेच चढवली आणि स्वतःची पिशवी घेऊन तो ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला. ड्रायव्हर म्हणाला, "अरे, गाडी कल्याणच्या गोडाऊनपर्यंतच जाणार."

"चलेगा," तो म्हणाला. "कल्याण से ट्रेन मिलेगा."

आमच्या रजेवाचून तो घरी पोचलासुद्धा. सेक्रेटरी अजून त्याला बेजबाबदार म्हणतात.

ब्लाउजपीसांचं काय झालं, ते मला संक्रांतीला कळलं. कल्याणला नणंदेच्या शेजारणीकडे हळदीकुंकवाला गेले होते. तिने प्रेमाने माझी ओटी भरली. जांभळाच होता, हळदीच्या डागासकट.