कुत्रं मोकळं सोडायची जागा

सून छातीपर्यंत चिखलात गेली होती आणि तरी कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा सोडत नव्हती.

"सोड त्याला!" मी ओरडले.

"बाईंचं कुत्रं हाय आत्याबाई! काय सांगू त्यांना?"

"तू मेलीस तर मी काय सांगू तुज्या आईला? सोड म्हणते ना!"

कुत्र्याचं फक्त डोकं वर होतं. ते भुंकत नव्हतं, नाकानं जोरात श्वास टाकत होतं. सुनेचा एक कोपर कोरड्या कडेवर होता आणि ती कड ढासळत होती. माझ्या हातात कुत्र्याची रिकामी साखळी. ती मीच थोड्या वेळापूर्वी काढली होती, आणि जागाही मीच निवडली होती.

धरण भरून तीन-चार वर्षं झाली होती. आमचं गाव पाण्याखाली गेलं, आम्ही वर हिर्डोशीच्या रस्त्याला नवी घरं बांधली. आमच्या वरच्या अंगाला पुण्याच्या एका बाईंनी बंगला बांधला होता. सून त्यांच्याकडे कामाला होती. त्यांचं ते कुत्रं विलायती, सोनेरी केसांचं, वासराएवढं. बाई डोळ्याच्या ऑपरेशनला पुण्याला गेल्या आणि महिनाभर ते सुनेवर सोपवलं. रोज तासभर मोकळं सोडा, नाहीतर घर कुरतडून खाईल, असं सांगून गेल्या. सून त्याला भ्यायची, म्हणून मी बरोबर जायची. मागून आमची एक गावठी कुत्री यायची.

वैशाखात कुत्रं सोडायला जागा कुठं? सड्यावरचा कातळ नऊ वाजताच तव्यासारखा तापायचा. फरशीवर वाढलेलं कुत्रं ते. पहिल्याच दिवशी पायाला फोड आले. रस्त्याला घाटाकडे जाणारे ट्रक. खाचरांत लोकांनी पालापाचोळ्याचे राब भाजलेले, वर थंड राख आणि खाली निखारे. देवराईत सावली होती, पण तिथून त्या उन्हाळ्यात बिबट्यानं दोन कुत्री नेली होती. राहिली धरणाची उघडी पडलेली जमीन. पाणी लांब गेलेलं, वारा गार, माणूस नाही. आणि ते आमचंच जुनं रान. तिथं मी डोळे बांधून फिरेन, असं मी सगळ्यांना सांगायची.

आमची विहीर तिथंच होती. गाव उठताना कठड्याचे घडीव दगड आम्ही काढून आणले, ते नव्या घराच्या जोत्यात बसवले. कुणी पडू नये म्हणून विहिरीत काटेरी फांद्या आणि छपराचं जुनं गवत लोटलं. पुढं धरणाच्या गाळानं वरून सारवल्यासारखं करून टाकलं. खूण राहिली ती विहिरीला लागून असलेल्या आंब्याच्या बुंध्याची. आदल्या उन्हाळ्यात सरपण कमी पडलं, तेव्हा तो बुंधा मीच उकरून आणायला लावला. चुलीत महिनाभर पुरला.

तिथं पहिले चार दिवस काही झालं नाही. फक्त आमची गावठी कुत्री रोज एका ठिकाणी येऊन बसायची आणि पुढं यायची नाही. हाक मारली की लांबून वळसा घालायची.

"ही हितंच का अडती वो आत्याबाई?"

"म्हातारी झाली, माज्यावानी."

"तुमी कुठं अडताय? तुमी तर माज्याबी पुढं पळताय."

आम्ही हसलो. ती कुत्री जुन्या गावात जन्मलेली, त्या विहिरीच्या थारोळ्यातलं पाणी पिऊन वाढलेली. हे मला तेव्हा सुचलं नाही.

पाचव्या दिवशी विलायती कुत्रं परत आलं ते पुढचे दोन्ही पाय काळ्या चिखलात माखवून. कुजलेल्या गवताचा वास येत होता. भोवतालची जमीन इतकी वाळलेली की भेगांत हात जाईल.

"ह्यो चिखल कुठला?" सुनेनं विचारलं.

"पाण्याच्या कडंला गेलं असंल."

पाणी तिथून अर्धा कोस लांब होतं आणि कुत्रं आमच्या नजरेआड घटकाभरही गेलं नव्हतं. बोलतानाच मला ते कळत होतं. पण दुसरी जागा नव्हती, म्हणून मी त्याचे पाय धुतले आणि गप्प बसले.

सहाव्या दिवशी साखळी काढली. ते सरळ पळत गेलं आणि दिसेनासं झालं. आवाजसुद्धा झाला नाही. घरात त्याला भिणारी सून त्याच्यामागे धावली. कडेला पालथी पडून तिनं पट्टा धरला आणि तिच्याखालची जमीन तुटली.

मी लुगडं फेडलं, टोकाला वजनाला साखळी बांधली आणि फेकलं. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा तिच्या खांद्यावर पडलं.

"काखंतनं घे! दोन्ही हात लाव!"

दोन्ही हात लावायचे तर पट्टा सोडावा लागणार होता. तिनं माझ्याकडे बघितलं, मग कुत्र्याकडे. आणि सोडला.

मी पालथी पडून ओढत राहिले. माझा उजवा खांदा त्या दिवसापासून वर जात नाही. सून बाहेर आली तेव्हा मागं चिखल पुन्हा मिळून आला होता. एक-दोन बुडबुडे आले, मग तेही थांबले. आमची कुत्री तिच्या रोजच्या जागी बसून होती.

बाई आल्यावर मी सगळं सांगितलं, बुंध्याचंही आणि पायाच्या चिखलाचंही.

"म्हणजे तुम्हाला कळलं होतं?"

"व्हय."

बंगल्याला कुलूप लागलं, सुनेचं काम गेलं.

विलायती कुत्रं गेलं. सून, गावठी कुत्री आणि मी, आम्ही तिघी वाचलो.